पाच रुपयाला एक नाणं: सांगलीतल्या भांडीवाल्या काकांच्या डब्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हे नाण्यांचं दुकान नाही. गणपती पेठेतल्या एका बोळात जुन्या पितळी-तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे, मोड घेतात, कल्हईचं काम घेऊन दुसरीकडून करून देतात, आणि गल्ल्याच्या शेजारी लाडवाला वापरतो तसले तीन स्टीलचे डबे असतात, त्यात नाणी. त्या तीन डब्यांचा हा रिव्ह्यू आहे. दुकानाचं नाव देत नाही कारण काकांनीच सांगितलंय, "नाव नका घालू ताई, गर्दी झाली की डबा पालथा होतोय आन मग निवडायला मलाच बसाय लागतंय." शोधलं तर सापडेल, बाहेर घंगाळं आणि बंब लावून ठेवलेले दिसतात.

मी तिथे पोचले कशी ते सांगायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले होते, तिकीट काढून, पोराला बरोबर घेऊन. सगळ्या टेबलांवर शिवराई, मुघल रुपये, संस्थानांची नाणी, चांदीचे राणी छाप रुपये, सगळं काचेखाली. बघायला सुंदरच होतं, मला शिवराईबद्दल प्रचंड आदर आहे, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेल्या नाण्याचा वंश आहे तो, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति, ते वाचताना अंगावर काटा येतो. पण मला हवं होतं ॲल्युमिनियमचं दहा पैसे, ते कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखं वळणं असलेलं. एका टेबलावर विचारलं तर त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "ॲल्युमिनियम आम्ही ठेवत नाही, मोडवाल्याकडे बघा." पोरगा शेजारी उभा होता, त्याच्या हातात त्याच्या पणजीच्या बटव्यातलं वीस पैसे होतं, दाखवायला आणलेलं, ते त्याने गुपचूप खिशात घातलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, माझ्यापेक्षा त्याच्यासाठी.

पण मोडवाल्याकडे खरंच गेले. दुसऱ्याच शनिवारी, घरातला एक फुटका तांब्या मोडीत द्यायचा होता तो घेऊन, आणि तिथे तो डबा दिसला.

पहिला डबा म्हणजे सगळ्यात मोठा, ॲल्युमिनियमचा. कुठलंही नाणं पाच रुपये. एक पैसा, दोन पैसे, तीन पैसे, पाच, दहा, वीस, सगळं एकत्र. हात घातला की ॲल्युमिनियमचा तो हलका खळखळ आवाज येतो, रुपयाच्या नाण्यांसारखा खणखणीत नाही, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखा. आता लहान मुलांना हे माहीतच नाही की पैसे चौकोनी पण असायचे. एक पैसा चौकोनी, पाच पैसे चौकोनी, तीन पैसे षटकोनी, वीस पैसे पण षटकोनी पण मोठं, दोन पैसे आणि दहा पैसे नागमोडी कडांचे. माझी आज्जी वाचता न येता नुसत्या बोटांनी चाचपून बटव्यातलं हवं ते नाणं काढायची, अंधारात एसटीत बसल्या बसल्या कंडक्टरला बरोबर पैसे द्यायची. हे आकार बघितले की कळतं तिला ते कसं जमायचं.

एक पैशाचं नाणं तर हातात घेऊन बघाच. वजन पाऊण ग्रॅम. माझ्या पोराने शोध लावला की वाटीत पाणी घेऊन ते अलगद आडवं ठेवलं तर तरंगतं, बुडत नाही, पाण्याचा पापुद्रा नाण्याच्या चारी बाजूंनी किंचित खाली दबलेला दिसतो, आणि बोटाने एक कोपरा दाबला की सर्रकन तळाला जातं. त्या दिवशी आम्ही अर्धा तास हेच करत बसलो होतो. काकांना पुढच्या वेळी सांगितलं तर त्यांनी दुकानातच घंगाळात पाणी घालून करून बघितलं आणि शेजारच्या दुकानातल्या दोघांना हाक मारून दाखवलं.

आता जरा माहितीचं. आपल्याकडे दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली, त्याच्या आधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. एकदम १०० पैसे झाले म्हणून लोकांचा घोळ होऊ नये यासाठी नाण्यावर "नया पैसा" लिहिलं आणि वर "रुपये का सौवाँ भाग" असं पण छापलं. १ जून १९६४ पासून "नया" गेला, नुसता पैसा राहिला. नंतर निकेल आणि तांबं परवडेना म्हणून छोटी नाणी ॲल्युमिनियमची झाली. त्यामुळे काकांच्या डब्यात ब्राँझचा तांबूस नया पैसा कधीतरीच निघतो, बाकी सगळं रुपेरी. आणि चार आणे म्हणजे २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली, ५० पैसे मात्र अजून कायदेशीर चालतं, दुकानदार घेत नाहीत ती गोष्ट वेगळी.

माझ्या मते ह्या डब्यातली खरी मजा आहे दहा पैशाच्या नाण्यांत. १९७४ पासून दरवर्षी सरकारने दहा पैशावर एकेक विषय घेतला, बहुतेक संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या मोहिमेसाठी. १९७४ ला नियोजित परिवार आणि सगळ्यांना अन्न, त्यावर आई-बाप आणि मुलं. १९७५ हे महिला वर्ष, त्यामुळे समानता, विकास, शांती. १९७६ ला सगळ्यांना अन्न आणि काम, १९७७ ला विकासासाठी बचत, १९७८ ला सगळ्यांना अन्न आणि निवारा, १९७९ ला आंतरराष्ट्रीय बालक वर्ष, १९८० ला ग्रामीण स्त्रियांची प्रगती, १९८१ ला जागतिक अन्न दिन, आणि मग १९८२ ला दिल्लीच्या एशियाडचं, त्यावर जंतरमंतर असलेलं ते बोधचिन्ह. नऊ वर्षं, नऊ नाणी, आणि दहा पैशावर! सगळ्यात गरीब माणसाच्या मुठीत जाणारं नाणं होतं ते, लिमलेटच्या गोळ्या यायच्या त्यात, आणि त्यावर देशाला त्या वर्षी काय व्हावंसं वाटत होतं ते लिहिलेलं आहे. हा अख्खा सेट मला काकांच्या डब्यातून पाच महिन्यांत मिळाला, खर्च ४५ रुपये. ह्यातलं एकेक नाणं ऑनलाइन ९९ रुपयाला लावलेलं मी बघितलंय, वर कुरियर वेगळं.

१९८० चं जे मिळालंय ते इतकं झिजलंय की बाईची आकृती बोटाला लागत नाही, नुसती तिरक्या उजेडात दिसते. प्रदर्शनातल्या माणसाने ते फेकून दिलं असतं. मला सगळ्यात ते आवडतं. एवढं झिजायला किती हात लागले असतील, किती बाजार, किती कनवटी, किती कोपऱ्यावरच्या टपऱ्या. न वापरलेलं कोरं नाणं चकाकतं छान पण ते टांकसाळीतून निघून थेट पाकिटात गेलेलं असतं, ते कुणाच्या जगण्यातून गेलेलंच नसतं. ज्याला हे लोक "कॉमन" म्हणून बाजूला सारतात ते कॉमन का आहे, तर सगळ्यांकडे होतं म्हणून, माझ्या आईकडे होतं, तुमच्या आईकडे होतं, हेच तर मला जपायचंय.

दुसरा डबा नंतरच्या नाण्यांचा, स्टील आणि निकेलची, इथे दर ठरलेला नाही, १० ते २० रुपये. ह्यात गेंड्याचे चार आणे भरपूर आहेत. दोन रुपयाची जुनी अकरा कोनांची नाणी बघण्यासारखी, १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं, २००२ चं संत तुकारामांचं, २००३ चं रेल्वेच्या दीडशे वर्षांचं, त्यावर कंदील धरलेला भोलू हत्ती आहे, गार्डच्या वेषात. आणि १९९९ चाच ज्ञानेश्वर माउलींचा एक रुपया. महाराज, माउली आणि तुकोबा, तिन्ही मिळून मला ५० रुपयात पडले, आणि ते मी अल्बममध्ये एका पानावर लावलेत. सासूबाईंनी ते पान बघितलं आणि नाण्यांना हात जोडले. अजून पण कुणी पाहुणं आलं की त्याच पानापासून दाखवायला सुरुवात करतात.

तिसऱ्या डब्याबद्दल लिहिताना जरा थांबावं लागतं. त्यावर काकांनी खडूने "पूर" असं लिहिलंय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, पेठेत काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. काकांच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत पाणी होतं. भांडी धुऊन निघाली पण नाण्यांचा एक डबा चिखलात गाडला गेला तो आठवड्याने सापडला. ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके आलेत, नया पैसे हिरवट काळे पडलेत, स्टीलच्या नाण्यांना काही झालेलं नाही, आणि दहा पैशाच्या त्या वळणांच्या खाचांत अजून पण नदीचा बारीक गाळ बसलेला दिसतो, वाळून दगडासारखा झालेला. हा डबा दोन रुपयाला एक. मी त्यातलं पाच पैशाचं एक नाणं घेतलंय, गाळ तसाच ठेवलाय. आमचं घर विश्रामबागला, आमच्याकडे पाणी आलं नव्हतं, पण माझी मावशी मारुती चौकात राहायची, तिचं सगळं गेलं. तिला ते नाणं दाखवलं तर बराच वेळ तळहातावर धरून बसली आणि मग म्हणाली, "ठेव नीट."

काकांच्या वागण्याबद्दल. निवडायला किती पण वेळ लावा, काही बोलत नाहीत, उलट पाट देतात बसायला आणि एक भिंग देतात. हे भिंग त्यांच्याकडे भांड्यांवरची नावं वाचायला असतं, जुन्या भांड्यांवर नाव, गाव, लग्नाची तारीख कोरलेली असते ना, ते वाचून ते सांगतात हे भांडं कुठल्या भागातलं. त्याच भिंगाने मी वर्षाखालच्या टांकसाळीच्या खुणा बघते. हे नवीन माणसाला माहीत नसतं म्हणून लिहिते, नाण्यावर वर्षाच्या खाली बारीक शंकरपाळ्यासारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकदा ही सवय लागली की एकाच वर्षाची दोन वीस पैसे पण वेगळी वाटायला लागतात. माझा पोरगा आता घरी आलेल्या दूधवाल्याच्या सुट्ट्या पैशांतल्या खुणा बघतो आणि ओरडून सांगतो, आई हैदराबाद!

एक तक्रार होती, ती काकांनी सुधारली म्हणून सांगते. सुरुवातीला ते नाणी चिंच लावून घासून ठेवायचे, भांड्यांचा धंदा, त्यांना चकाकी नसली की माल खराब वाटतो. मी एकदा हळूच म्हटलं, काका नाण्यांना चिंच-लिंबू, रांगोळी, पावडर काहीच लावू नका, वरचा थर जातो, बारीक ओरखडे पडतात, जुनेपणाचा रंग एकदा गेला की परत येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "भांडं घासल्याशिवाय खपत न्हाई आन नाणं घासलं की खपत न्हाई, बरं झालं सांगितलासा." त्या दिवसापासून नुसतं साध्या पाण्याने धुतात आणि फडक्यावर वाळवतात. इतकं साधेपणाने ऐकणारा दुकानदार मला तरी दुसरीकडे भेटला नाही.

साठवण्याबद्दल माझा एक वाईट अनुभव आहे तो पण इथेच लिहिते कारण काकांकडून नाणी घेतल्यावर पुढचा प्रश्न तोच असतो. मी ऑनलाइन एक स्वस्तातला अल्बम मागवला, मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचा, उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास. एक पावसाळा गेला आणि खिसे चिकट झाले, चार नया पैशांवर हिरवा चिकट थर आला. ते पीव्हीसी असतं, कालांतराने त्यातून जे सुटतं ते धातू खातं, तांब्याच्या नाण्यांना जास्त. शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न घासता, दोन वेळा बदलून काढलं (खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून लांब, नेलपेंट रिमूव्हर चालत नाही, त्यात बाकीचं बरंच असतं), तीन वाचली, एकावर खड्डे राहिले. आता मी पुठ्ठ्याचे छोटे चौकोन वापरते, मधे पारदर्शक फिल्म असते, नाणं ठेवायचं, दुमडायचं, स्टेपल मारायचं, आणि पिनची टोकं पकडीने दाबायची नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो. पुठ्ठ्यावर पेन्सिलने वर्ष आणि कुठून मिळालं ते लिहिते. "काका, पहिला डबा" असं माझ्याकडे सत्तरेक चौकोनांवर लिहिलंय.

आणखी एक गोष्ट जी मी स्वतः बघितली. एका शनिवारी पलूसकडचा एक पोरगा आला, विशीतला, हातात वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं, म्हणाला ह्याचे पाच लाख मिळतात असं फोनवर सांगितलंय, फक्त रजिस्ट्रेशनचे आधी भरायचेत, तुम्ही किती देता. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि दुसऱ्या डब्यातून तसलीच तीन नाणी काढून त्याच्यासमोर मांडली. "ही घे बघ. लाखाची असती तर मी कल्हईवाल्याच्या मागं फिरलो असतो का?" पैसे भरू नको म्हणून चार वेळा सांगितलं. रिझर्व्ह बँकेने पण ऑगस्ट २०२१ मध्ये असल्या जुन्या नाण्या-नोटांच्या ऑफरींबद्दल लोकांना सावध केलं होतं, बँकेच्या नावाने फी आणि कमिशन मागतात, बँक असलं काही करत नाही. तो पोरगा पैसे न भरता गेला, जाताना डब्यातली दोन नाणी घेऊन गेला. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, घरातल्या नाण्याची किंमत विचारायची असेल तर असल्या माणसाला विचारा, ज्याला तुमच्याकडून काही घ्यायचं नाही.

कमी काय आहे ते पण सांगते. उजेड कमी, एकच ट्यूब, दुपारी जाताना मोबाईलची बॅटरी चार्ज करून जा. दुकान दुपारी एक ते चार बंद, मंगळवारी पूर्ण बंद, गणपतीच्या दिवसांत तर बोळात शिरताच येत नाही. गाडी हरभट रोडला लावून चालत जा. जुने आणे आणि भोकाचा पैसा एका कुंकवाच्या करंड्यात वेगळे ठेवलेत, त्याचे दर काका त्या दिवशीच्या मनाप्रमाणे सांगतात, मला भोकाचा पैसा एकदा तीसला सांगितला आणि पुढच्या आठवड्यात साठ, हे मला पटत नाही, तिथे पण एक दर लावावा असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आण्याच्या नाण्यावर बैल आहे, १९५० च्या मालिकेतला, तो मात्र साठला पण घ्यावा इतका देखणा आहे, मानेचं वशिंड आणि गळ्याची पोळी बघा.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या करंड्यासाठी राखून ठेवलाय.

मुलांना घेऊन जा. काका प्रत्येक पोराला जाताना एक नाणं फुकट देतात, स्वतः निवडू देतात. माझ्या पोराने पहिल्या वेळी वीस पैसे निवडलं, पणजीच्या नाण्याला जोडीला म्हणून, आणि दोन्ही एकाच पुठ्ठ्यात घालायची म्हणून हट्ट धरून बसला, शेवटी मोठा पुठ्ठा कापून करून दिलं.

तीन पैशांचा माझा संच १९६४ ते १९७१ असा करायचा चाललाय, सगळी वर्षं झाली, एकटं १९७० राहिलंय. पहिल्या डब्यात तळाला असणार असं काकांचं म्हणणं आहे. तुम्हाला आधी सापडलं तर तुम्हीच घ्या, फक्त काकांना सांगून जा, म्हणजे मी शोधायची थांबेन.